भिंग कशावर टांगायचं?

वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत डोळ्यातलं भिंग सरकण्याबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. नौपाड्यात तीस वर्षं मी डोळ्यांची ऑपरेशनं करते. साध्या मोतीबिंदूच्या मानाने ही तक्रार फार कमी दिसते. पण ज्या घरात येते तिथे झोप उडते, कारण तीन डॉक्टरांकडे गेलात तर तीन वेगळे उपाय कानावर येतात. पत्रं थोडी आवरली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. नऊ वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसत उत्तम होतं. गेल्या महिन्यात तलावपाळीला संध्याकाळची फेरी मारताना त्यांना दिव्यांपुढे अर्धगोल रेघ दिसायला लागली. चपलेचा पट्टा लावायला वाकले की धूसर, मान वर केली की जरा बरं. तपासणीत लेन्स पिशवीसकट खाली सरकल्याचं निघालं. एका डॉक्टरांनी ती काढून नवी लेन्स चिकटवून बसवू म्हटलं. दुसरे म्हणाले तीच लेन्स टाक्यांनी बांधू. तिसऱ्यांनी बाहुलीभोवतीच्या तपकिरी गोलाला चिमट्यासारखी अडकवायची लेन्स सुचवली. आधीच्या ऑपरेशनात काही चुकलं होतं का? आणि तिघांपैकी खरं कोणाचं?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : तिघांचंही खरं असू शकतं. का, ते सांगते.

आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. ही पिशवी डोळ्यात नुसती ठेवलेली नसते. चहूबाजूंनी केसापेक्षाही बारीक धाग्यांनी ती ताणून टांगलेली असते. बाळाची झोळी डोळ्यांसमोर आणा, फक्त दोर दोन टोकांना न बांधता सगळ्या कडेने बांधलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आम्ही पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतो, आतला मोतीबिंदू काढतो आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतो. झोळी तीच, दोर तेच, आत फक्त भिंग नवं. म्हणून नऊ वर्षांनी दोर झिजले की नवं भिंग पिशवीसकट खाली येतं.

दोर झिजायची कारणं बरीच आहेत. काही वृद्धांच्या डोळ्यांत बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखे पांढरे कण साचतात. तेच कण या धाग्यांवरही बसतात आणि त्यांना कमकुवत करतात. मोठा मायनस नंबर, डोळ्यामागच्या पडद्याचं म्हणजे रेटिनाचं आधी झालेलं ऑपरेशन, जुना मार, मुठीने डोळे चोळायची सवय, यांनीही तेच होतं. शिवाय पिशवी वर्षानुवर्षं आक्रसत जाते आणि धाग्यांना ओढ देते. वडील फिटर होते म्हणता, तर त्यांना एकदा निवांत बसवून विचारा : कधी पाना सटकून, पट्टा तुटून डोळ्यावर काही बसलं होतं का? चाळीस वर्षांपूर्वीचा मार माणूस विसरतो, डोळा विसरत नाही. ऑपरेशननंतर चार दिवसांत लेन्स पडली असती तर गोष्ट वेगळी. नऊ वर्षं उत्तम दिसलं, यावरून आधीच्या सर्जनने काही चूक केली असं मला वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. लेन्स कुठलीही घ्या, ती कशाला तरी टांगावी लागते. पिशवीचे दोर गेल्यावर डोळ्यात तीनच जागा उरतात : डोळ्याचं पांढरं कवच, बाहुलीभोवतीचा तपकिरी गोल म्हणजे आयरिस, आणि आयरिसच्या पुढे कोपऱ्यात असलेली चिंचोळी खाच. तुम्हाला भेटलेल्या तिन्ही डॉक्टरांचे उपाय या जागांमधलेच आहेत.

‘चिकटवून’ हा शब्द ऐकून फेव्हिकॉल आठवत असेल, म्हणून सांगते. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ च्या डिसेंबरमध्ये हे पहिल्यांदा केलं. पांढऱ्या कवचाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना छोट्या झडपा उचलायच्या, लेन्सचे दोन बारीक पाय त्यांच्याखालून बाहेर काढून कवचातच कोरलेल्या बोगद्यात सरकवायचे आणि झडपा फायब्रिनच्या गोंदाने मिटवायच्या. रक्त गोठताना जे घटक लागतात त्यांचाच हा गोंद. लेन्सला पकड असते ती बोगद्याची. गोंद फक्त झडप मिटवतो.

त्यानंतर २०१७ मध्ये जपानमधल्या योकोहामाचे डॉ. शिन यामाने यांनी झडपाही नकोत आणि गोंदही नको अशी पद्धत प्रसिद्ध केली. ही मी स्वतः करते, म्हणून जवळून सांगते. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर खूण करायची, समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर दुसरी. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी लेन्स तिरकी बसते, म्हणून मी खूण करून झाल्यावर पुन्हा मोजते. तिथून अतिशय बारीक, पातळ भिंतीची सुई तिरकी आत घालायची. डोळ्याच्या आत, बाहुलीमागे, लेन्सचा पाय चिमट्याने धरून त्या सुईच्या पोकळीत ओवायचा. आमच्या आज्या पोत ओवायच्या तसं, फक्त इथे मणी म्हणजे सुई आणि दोरा म्हणजे लेन्सचा पाय. दोन्ही पाय ओवून झाले की सुया बाहेर ओढायच्या. पाय कवचातून बाहेर येतात. त्यांच्या टोकाजवळ तापलेली तार धरली की टोक वितळून तांदळाच्या कणीपेक्षाही छोटी गाठ तयार होते. ती गाठ कवचात दाबून टाकायची. झालं. टाका नाही, गोंद नाही. पण याला तीन भागांची लेन्स लागते, जिचे पाय वेगळ्या मटेरियलचे, तारेसारखे असतात. हल्ली सर्रास बसवतात त्या एकसंध फोल्डेबल लेन्सचे पाय जाड आणि मऊ असतात. ते असे ओवता येत नाहीत.

म्हणून घरी आजच एक काम करा. जुन्या फायलीत लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड असेल, ते शोधा. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर असतो. वडिलांची लेन्स कुठल्या प्रकारची आहे हे कळलं तर तीच वाचवायची की नवी घालायची, हा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

तीच लेन्स टाक्यांनी बांधण्याचा दुसऱ्या डॉक्टरांचा सल्लाही सरळ आहे. पिशवी शाबूत असेल तर तिच्यासकट लेन्सच्या पायाला दोऱ्याचा फास घालून कवचाला बांधता येतं, आणि लेन्स बाहेर काढायला मोठी चीर लागत नाही. इथे विचारायचं ते दोऱ्याबद्दल. पूर्वी आम्ही दहा-शून्य नंबरचा प्रोलिन वापरायचो, केसाहून बारीक. तो काही वर्षांनी झिजून तुटतो. पाचपाखाडीच्या एका निवृत्त शिक्षिकेला मी असा टाका घातला होता. सातव्या वर्षी त्या आल्या तेव्हा लेन्स एकाच दोऱ्यावर लोंबकळत होती, मान हलली की हलायची. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण मला फार लागलं ते. आता मी आठ-शून्यचा जाड दोरा किंवा गोर-टेक्सचा दोरा वापरते.

तिसरी लेन्स म्हणजे आयरिसला चिमटीत पकडणारी. हॉलंडचे यान वर्स्ट यांची ही कल्पना १९७०च्या दशकातली, आणि आता ती बहुधा बाहुलीच्या मागच्या बाजूने बसवतात. ऑपरेशन लवकर आटोपतं. हृदय कमजोर असलेल्या, टेबलावर फार वेळ झोपू न शकणाऱ्या माणसासाठी मी ती आनंदाने निवडते. आयरिस मात्र धड हवा. मार लागून फाटलेला असेल तर चिमट्याला धरायला जागाच नाही.

आयरिसच्या पुढच्या खाचेत टेकवायची लेन्स तुम्हाला कोणी सुचवलेली नाही, ते बरं झालं. मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना ती बसवली होती. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो पाणी उपसून बुबुळ स्वच्छ ठेवतो. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरला सुमारे ३,००० पेशी असतात आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आजींच्या पेशी आधीच कमी होत्या, आणि मी त्या मोजल्या नव्हत्या. काही वर्षांत बुबुळ सुजून दुधी झालं आणि दान केलेलं बुबुळ बसवावं लागलं. तेव्हापासून हे मोजमाप पाहिल्याशिवाय मी अशा डोळ्याला हात लावत नाही. तुमच्या वडिलांचीही ती तपासणी झाली आहे का, बघा. पाच मिनिटांची आहे, दुखत नाही.

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २००३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. दोन्ही वेळा कुठलीही एक पद्धत बाकीच्यांपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालं नाही. मलाही हातांच्या अनुभवातून तेच दिसतं. म्हणून पद्धतीच्या नावावर अडून बसू नका. डॉक्टरांना विचारा : याच डोळ्यात हीच जागा का निवडली? ही पद्धत तुम्ही नेहमी करता की कधीमधी? डोळ्यातली जेली कोण साफ करणार? या तिसऱ्या प्रश्नावर माझा सर्वांत जास्त जोर आहे. भिंग सरकलं की मागची जेली पुढे घुसते. ती नीट कापून काढली नाही आणि तिच्यात लेन्स ओढाताण करत राहिली, तर पडदा सुटू शकतो. त्यामुळे सर्जन स्वतः पडद्याचे डॉक्टर असावेत किंवा तसे डॉक्टर ऑपरेशनला सोबत असावेत. नेहमी करणाऱ्या हाताची साधी पद्धत मी अधूनमधून करणाऱ्या हाताच्या नव्या पद्धतीपेक्षा वर ठेवते.

कृत्रिम लेन्स सरकली तर सहसा तासांची घाई नसते, काही दिवस विचाराला मिळतात. पण विजा चमकल्यासारखं दिसणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, किंवा दुखून डोळा लाल होऊन उलटी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. फिजिशियन आणि सर्जन या दोघांना बोलून ठरवू द्या.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर वाढतो. वर्गात सगळ्यांत उंच, हातापायाची बोटं लांबसडक. ऐरोलीतल्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासलं आणि दोन्ही डोळ्यांतलं भिंग वर सरकलं आहे म्हणाल्या. पण ऑपरेशनचं काही न सांगता त्यांनी छातीचा इको करून आणायला लावला. डोळ्याच्या तक्रारीला हृदय कशाला तपासायचं? यांचे मोठे काका छत्तिसाव्या वर्षी अचानक गेले, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत.
— सौ. म. शि., ऐरोली

उत्तर : त्या डॉक्टरांनी फार चांगलं केलं. इको झाला नसेल तर हे वाचून अपॉइंटमेंट घ्या, आणि तिथे काकांची गोष्ट आपणहून सांगा.

भिंग टांगणारे जे धागे मी वर सांगितले ते फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचे असतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, महाधमनीच्या भिंतीतही तेच प्रथिन असतं. ते जन्मतः सदोष असेल तर डोळ्यातले धागे सैल पडतात आणि महाधमनी हळूहळू फुगते. याला मार्फान सिंड्रोम म्हणतात; पॅरिसचे डॉ. अंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीचं वर्णन केलं, त्यांच्यावरून पुढे हे नाव पडलं. बऱ्याचदा हे भिंग सरकल्यामुळेच पहिल्यांदा पकडलं जातं. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी, गरज पडली तर शस्त्रक्रियेने महाधमनी सांभाळता येते. म्हणून इको आधी, डोळ्याचं ऑपरेशन नंतर.

मुलाला अंगठा तळहातावर आडवा ठेवून त्यावर मूठ मिटायला सांगा. अंगठ्याचं पूर्ण नख करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावतं का, पाहा. दुसऱ्या हाताच्या अंगठा-करंगळीने मनगट वेढलं तर ती बोटं एकमेकांवर चढतात का, तेही पाहा. एवढ्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी आहे. धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे तपासून घ्या, आणि यजमानांचा इकोही करा. निकाल येईपर्यंत कबड्डी, कुस्ती, उड्या मारायचे खेळ थांबवा.

रक्तातल्या होमोसिस्टीनची तपासणी करायलाही सांगितली असेल. तीही टाळू नका. होमोसिस्टिन्युरिया या दुसऱ्या आजारातही भिंग सरकतं. तिथे ते बहुधा खाली आणि नाकाकडे जातं, मार्फानमध्ये बहुधा वर आणि कानाकडे. त्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात, भूल देताना धोका असतो, आणि काही मुलांना नुसत्या बी-सहा जीवनसत्त्वानेही फरक पडतो. त्यामुळे भूल देण्याआधी हे माहीत असलंच पाहिजे.

आता डोळे. सातव्या वर्षी मेंदू अजून बघायला शिकत असतो. भिंगाची कड बाहुलीच्या मधोमध आली की चित्र कायम अस्पष्ट राहतं, आणि मेंदू तो डोळा सोडून देतो. चष्म्याने दोन्ही डोळ्यांना फळ्यावरचं नीट वाचता येत असेल तर ऑपरेशन लांबवता येतं. येत नसेल तर मात्र वाट पाहण्यात नुकसान आहे.

मुलांमध्ये ऑपरेशनचे दोन मार्ग आहेत. एक, पिशवीत आधाराची कडी घालून ती कवचाला शिवायची आणि लेन्स तिच्यात ठेवायची. दुसरा, भिंग, पिशवी आणि पुढची जेली बारीक कटरने काढून टाकायची आणि जाड प्लस नंबरचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स द्यायची. चांगले सर्जन दोन्ही करतात. माझा कल सात वर्षांच्या, दोन्ही डोळे सारखेच बिघडलेल्या मुलासाठी दुसऱ्या मार्गाकडे आहे. वरच्या पत्रातल्या ७४ वर्षांच्या वडिलांसारख्या माणसाला टाका पंधरा वर्षं पुरला तर निभावतं. या लेकराला तो साठ-सत्तर वर्षं पुरायला हवा. यामाने पद्धत तर २०१७ ची; ती बालपणी झालेलं मूल अजून तिशीला पोहोचलेलंच नाही. मी कळव्याच्या एका मुलीला सहाव्या वर्षी या दुसऱ्या मार्गाची शस्त्रक्रिया केली. पहिल्यांदा तो बारा नंबरचा चष्मा लावला तेव्हा तिने आईच्या कपाळावरच्या टिकलीला बोट लावून विचारलं, “ही हिरवी आहे?” ती आता बारावीला आहे, चष्मा अजून लावते, सायकलवरून कॉलेजला जाते. डोळा पूर्ण वाढल्यावर आत लेन्स बसवायचा मार्ग मोकळा राहतोच.

प्रश्न : आमच्या पणजीचा मोतीबिंदू एका वैदूने सुईने ‘पाडला’ होता आणि तिला लगेच दिसायला लागलं, असं आजी सांगायची. हे शक्य आहे का?
— खारेगाव

उत्तर : शक्य आहे. सुश्रुतसंहितेतही सुईने मोतीबिंदू हटवण्याचं वर्णन आहे. म्हणजे आज ज्याला आपण भिंग पडलं म्हणून घाबरतो, तेच तेव्हा मुद्दाम केलं जायचं : पांढरं झालेलं भिंग दोर तोडून मागे ढकलायचं. वाट मोकळी झाली की उजेड आत येतो, माणसं-दारं ओळखू येतात. पण पडलेलं भिंग आत सडून सूज येते, दाब वाढतो, जंतू शिरतात, आणि असे कितीतरी डोळे पुढे कायमचे गेले. भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढायची सुरुवात फ्रान्सच्या झाक दाविएल यांनी १७४७ मध्ये केली, आणि डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला ठेवलं. आजही कोणी घरी येऊन सुईने मोतीबिंदू काढतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

प्रश्न : माझा भाऊ तुर्भे मार्केटला टेम्पो चालवतो. माल बांधायची रबरी दोरी सुटून तिचा लोखंडी हूक डाव्या डोळ्यावर बसला. आत रक्त साचलंय, भिंग हलतंय म्हणाले, पण ऑपरेशन नंतर बघू म्हणतात. उशीर होत नाही ना?
— कोपरखैरणे

उत्तर : डोळ्याचा दाब ताब्यात असेल आणि पडदा जागेवर असेल तर रक्त ओसरू देणं योग्यच आहे. तोवर भावाला उशाला दोन उशा देऊन झोपवा, डोळा दाबू-चोळू देऊ नका, ओझं उचलू देऊ नका, आणि डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नका. दाब मोजायला बोलावतील त्या दिवशी धंदा बुडाला तरी न्या. भिंग पुढे सरकून बुबुळाला टेकलं किंवा दाब चढला तर मात्र थांबता येत नाही.

पुढे काय करायचं ते किती धागे तुटले यावर आहे. आम्ही ते घड्याळाच्या भाषेत मोजतो. बारा ते तीन किंवा चारपर्यंतचा तुकडा सुटला असेल तर पिशवीत एक उघड्या टोकांची कडी सरकवतात. ती आतून ताण देऊन पिशवी गोल ठेवते, आणि नेहमीसारखं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ शकतं. त्याहून जास्त सुटलं असेल तर कडीला आकडा असलेला प्रकार घेऊन ती कवचाला शिवावी लागते. सगळेच धागे गेले असतील तर वर चरईच्या वाचकांना लिहिलं ते वाचा. बरं झाल्यावरही दरवर्षी डोळ्याचा दाब तपासायला हवा. अशा मारानंतर काचबिंदू दहा वर्षांनीही येतो.

या हुकाने फुटलेले डोळे मी इतके पाहिलेत की टेम्पोवाल्यांना हात जोडून सांगते : ती रबरी दोरी टाकून द्या आणि बकल असलेला कापडी पट्टा घ्या. तोवर निदान हूक अडकवताना आणि सोडवताना तोंड बाजूला धरा, दुसरा हात हुकावर ठेवा, आणि मागे पोरगं उभं नाही ना ते बघा.